कॅन्सर ‘पसरतो’ म्हणजे नेमके काय करतो?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात एक क्रियापद सतत कानावर येते. ‘यकृतात पसरलाय.’ ‘अजून पसरला नाही म्हणाले, नशीब.’ ‘तुकडा काढला आणि मग पसरला.’ डॉक्टर आपापसांत ‘मेट्स’ किंवा ‘सेकंडरीज’ म्हणतात, कागदावर ‘मेटास्टॅसिस’ लिहितात. पण रुग्णाशी बोलायची वेळ आली की तेही पसरण्यावरच येतात. कर्करोगाने होणाऱ्या बहुतांश मृत्यूंमागे मूळ गाठीपेक्षा हे ‘पसरणे’च असते. एवढा भार ज्या शब्दावर आहे, तो एकदा नीट तपासायला हवा.

संस्कृत प्रसरति, प्राकृत पसरइ, मराठी पसरतो. मूळ धातू ‘सृ’, म्हणजे सरणे, जाणे, वाहणे. सरिता त्यातलीच, प्रसार त्यातलाच, संसारही त्यातलाच. आणि घरभर पडलेला पसारा तर थेट प्रसाराचा वारस. मराठीत या क्रियापदाचे दोन संसार आहेत. आपण हात पसरतो, पदर पसरतो, अंथरूण पसरतो, तेव्हा पसरणारा कोणीतरी असतो. धुके पसरते, अफवा पसरते, साथ पसरते, तेव्हा कर्ता दिसत नाही. गोष्ट आपोआप होत जाते. कॅन्सरला आपण हे दुसरे रूप लावले. माझी तक्रार इथून सुरू होते. शरीरात कॅन्सर आपोआप पसरत नाही. एकेका पेशीला त्यासाठी आपले वागणे बदलावे लागते, तेही एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वळणावर बहुतेक पेशी मरतात. हे सगळे कष्टाचे, अपयशाने भरलेले काम ‘पसरतो’ या शब्दाआड झाकले जाते.

आधी रोगाच्या नावाकडे पाहू, कारण तेही अर्धेच बोलते. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी या गाठींना ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, म्हटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने लॅटिनमध्ये खेकड्यालाच ‘कॅन्सर’ म्हणून बसवले. दुसऱ्या शतकात गॅलेनने कारण सांगितले: स्तनातल्या गाठीभोवती तट्ट फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. संस्कृतातला कर्कट आणि ग्रीक कार्किनोस हे नात्यातले शब्द मानले जातात. त्यामुळे राशीला कर्क, पृथ्वीवरच्या रेषेला कर्कवृत्त आणि रोगाला कर्करोग म्हणताना आपल्याला परके काही उचलल्यासारखे वाटले नाही. पण खेकड्याचे चित्र शेजारच्या मांसात पाय रोवणाऱ्या गाठीचे आहे. खेकडा एका जागी बसलेला दिसतो. छातीतल्या गाठीतून निघून मणक्यात जाऊन राहणारी पेशी त्या चित्रात कुठेच नाही.

सुश्रुतसंहितेत मात्र तिची चाहूल आहे. निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन येते: गोल, हलवल्यावर न हलणारे, मोठे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे, न पिकणारे, आणि ‘मंदरुज’, म्हणजे फारसे न दुखणारे. हा शेवटचा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. आजही गावाकडची बाई ‘दुखत तर नाही, मग कशाला दाखवायचं’ म्हणून छातीतली गाठ महिनोन् महिने अंगावर काढते. दुखत नाही हेच दाखवण्याचे कारण आहे, हे त्या जुन्या वैद्याने लक्षणात लिहून ठेवले होते. पुढे तो आणखी दोन नावे देतो. आधीच्या अर्बुदावर किंवा त्याच्या जागी पुन्हा दुसरे उठले तर ते अध्यर्बुद. दोन अर्बुदे एकदम किंवा लागोपाठ आली तर द्विरर्बुद, आणि ते असाध्य. याला मेटास्टॅसिसचा प्राचीन शोध म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. वैद्याने पाहिले ते नीट पाहिले आणि त्याला नाव दिले. दुसरे अर्बुद पहिल्यातूनच कसे निघाले, हे कळायला सूक्ष्मदर्शक हवा होता. पण ‘दुसरे आले की हाताबाहेर गेले’ हा अनुभव त्या दोन शब्दांत साठवलेला आहे, आणि तो खरा आहे.

रोजच्या मराठीत आपण अर्बुद म्हणत नाही, गाठ म्हणतो. ग्रंथि, मग प्राकृत गंठि, मग गाठ. बांधणे हा मूळ अर्थ. लग्नगाठ, गाठभेट, गाठोडे आणि सुतात ओवून बांधलेल्या पानांचा ग्रंथ, सगळे एकाच कुळातले. इथे भाषेने आपल्याला थोडे चकवले आहे. गाठ म्हटले की भीती त्या घट्ट गोळ्याची वाटते. पण पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. ज्याला आपण आवाळू म्हणतो ते वर्षानुवर्षे मानेवर बसून राहते आणि कुणाचे काही बिघडवत नाही. धोका सुरू होतो तो गाठ सुटायला लागते तेव्हा.

सुटते म्हणजे काय, हे समजण्यासाठी शाळेतला एक शब्द आठवावा लागेल: ऊती. नववीच्या विज्ञानात तो भेटतो आणि बहुतेकांना तेव्हापासून परका वाटतो. पण तो ‘वे’ म्हणजे विणणे या धातूपासून आला आहे. ओतप्रोत हा शब्द आपण सहज वापरतो. त्यातला ओत म्हणजे उभा विणलेला आणि प्रोत म्हणजे आडवा ओवलेला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८००च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाला हात न लावता माणसाच्या शरीरात २१ प्रकारच्या ‘तिस्यू’ सांगितल्या. तिस्यू म्हणजेही विणलेले वस्त्र. ऊतींच्या अभ्यासाला हिस्टॉलॉजी म्हणतात, आणि ग्रीक हिस्टोस म्हणजे माग. तिन्ही भाषांना शरीर विणलेले दिसले.

या विणीतला सर्वांत दाट थर म्हणजे एपिथेलियम, पाठ्यपुस्तकातली अभिस्तर ऊती. त्वचा, आतड्याचे अस्तर, दुधाच्या नलिकांचे अस्तर, सगळे यात येते. बहुतेक कर्करोग याच थरात सुरू होतात. शब्दाचा जन्म मात्र अगदी छोट्या जागेवर झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइश याने स्तनाग्रावरच्या नाजूक पापुद्र्याला ते नाव दिले: एपि म्हणजे वर, थेले म्हणजे स्तनाग्र. पुढे तो शब्द सगळ्या अस्तरांना लागला.

या थरातल्या पेशी शेजारणीला धरून असतात. वरची बाजू कुठली, खालची कुठली, हे त्यांना ठाऊक असते, आणि खाली एका पातळ पायापटलावर त्या टेकलेल्या असतात. धरून ठेवणारा मुख्य रेणू म्हणजे ई-कॅडहेरिन. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी क्योतोमध्ये १९८०च्या दशकात या रेणूंचे कुळ ओळखले. नावात कॅल्शियम आणि चिकटणे हे दोन्ही शब्द दडले आहेत; कॅल्शियम काढून घेतले की पकड सुटते. ही पकड किती महत्त्वाची, याचा पुरावा न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबाने दिला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जठराच्या कर्करोगाने तरुण माणसे जात होती. कुटुंबाने स्वतःहून संशोधकांची मदत घेतली आणि १९९८ साली दोष सापडला तो ई-कॅडहेरिनच्या जनुकात. त्यांच्या कर्करोगात धड गाठही बांधली जात नसे. सुट्या पेशी जठराच्या भिंतीत विखरून पडत, म्हणून दुर्बिणीतूनही लवकर दिसत नसत.

आता पेशीच्या वागण्यातला मुख्य बदल. कर्करोगाच्या काही पेशी ई-कॅडहेरिन बनवणे कमी करतात. शेजारणीचा हात सुटतो. वर-खालचे भान जाते. चौकोनी-षटकोनी आकार सोडून त्या लांबट, चातीसारख्या होतात, पुढे पाऊल टाकतात, मागचे ओढून घेतात. पायापटल विरघळवणारी विकरे सोडतात. या विकरांच्या कुळातले पहिले विकर १९६२ साली बेडकाच्या पिल्लाच्या झडणाऱ्या शेपटीत सापडले होते. प्रयोगशाळेत हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. काचेच्या बशीत स्तनाच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या की त्या फरशीसारख्या एकमेकींना लागून बसतात, दोघींमधली कड सूक्ष्मदर्शकाखाली चमकते. त्यात टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन घातले की एक-दोन दिवसांत ती कड पुसट होते, फटी पडतात, पेशी ताणल्या जातात आणि दिशा मिळेल तिकडे चालू लागतात. पेशी त्याच, जनुके तीच. वाचली जाणारी पाने तेवढी बदलली.

अशी बशीतली पेशी पाहण्याची विद्या मुंबईत रुजवणाऱ्यांत एक मराठी बाई होती. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन १९६०च्या दशकात इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव ठळक असायला हवे होते.

अस्तरातली पेशी सुटून हिंडती होते, या बदलाचे नामकरण बोस्टनच्या एलिझाबेथ हे यांच्या कामातून झाले. त्या कॅन्सरवाल्या नव्हत्या, गर्भवाल्या होत्या. कोंबडीच्या गर्भात अस्तरातल्या पेशी थर सोडून आत उतरतात आणि त्यांच्यापासून पुढे इतर ऊती घडतात, हे त्या पाहत होत्या. १९८२ साली त्यांनी आणि ग्रीनबर्ग यांनी डोळ्याच्या भिंगावरचा पेशीथर कोलॅजनच्या जेलमध्ये ठेवला आणि पूर्ण वाढलेल्या पेशीही थर सोडून हिंडू लागतात हे दाखवले. हिंडणाऱ्या पेशींच्या ऊतीला मेसेन्काइम म्हणतात. हा शब्द हेर्टविग यांनी १८८१ साली घडवला, अर्थ ‘मध्ये ओतलेले’. सुरुवातीला या बदलाला ‘ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणत, म्हणजे कायापालट. पुढे शास्त्रज्ञांनी तो शब्द सोडून ‘ट्रान्झिशन’, म्हणजे संक्रमण, घेतला. कारण कायापालट एकदाच होतो, संक्रमणात परतीचा रस्ता उघडा असतो. संक्रांतीतले संक्रमण डोळ्यांसमोर आणा: सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो, सूर्यच राहतो. एका शब्दाच्या बदलाने सगळी समज बदलली, अशी उदाहरणे विज्ञानात कमी असतात आणि हे त्यातले एक आहे.

गर्भाचा उल्लेख आला, तर या बदलामागच्या जनुकांची नावे पाहा. स्नेल म्हणजे गोगलगाय, ट्विस्ट म्हणजे पीळ, स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. फळमाशीच्या गर्भात एखादे जनुक बिघडवले की गर्भ कसा दिसतो, त्यावरून माशीवाले नाव ठेवतात. स्नेल बिघडले तर गर्भ गोगलगायीसारखा वळतो, ट्विस्ट बिघडले तर पिळवटतो. स्लग हा मणक्याच्या प्राण्यांत सापडलेला स्नेलचा भाऊबंद. २००० साली स्पेनमधल्या दोन गटांनी दाखवले की स्नेल हे ई-कॅडहेरिनचे जनुक दाबून ठेवते. २००४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत जिंग यांग यांनी उंदराच्या स्तनातल्या कर्करोगपेशींत ट्विस्ट कमी केले. मूळ गाठ पूर्वीइतकीच वाढली, पण फुफ्फुसात जाणाऱ्या पेशी खूप घटल्या. म्हणजे वाढणे आणि निघून जाणे या दोन वेगळ्या वागणुकी आहेत. गर्भात जी चाल अवयव घडवते, तीच चाल कर्करोगाची पेशी वयाच्या साठाव्या वर्षी पुन्हा बाहेर काढते.

इथे आपल्या भाषेत एक जुळणी आहे, तिचा मला मोठा अचंबा वाटतो. जुन्या भारतीय ग्रंथांत गर्भाच्या पहिल्या अवस्थांची नावे येतात. बौद्ध परंपरेतला क्रम असा: कलल, अर्बुद, पेशी, घन, प्रशाखा. चरकसंहितेतही दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या आकारांत पिंड, पेशी, अर्बुद आहेत. म्हणजे आज आपण ज्याला पेशी म्हणतो आणि वैद्य ज्याला अर्बुद म्हणत, ते दोन्ही शब्द गर्भाच्या अवस्थांचेही होते. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी मोजल्या, त्या मात्र स्नायूंच्या. हिंदीने सेलसाठी कोशिका घेतली, मराठीने पेशी घेतली आणि जुना मांसाचा अर्थ स्नायू या शब्दाकडे सरकवला. यावरून पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. मऊ गोळ्याला जे शब्द होते ते गर्भालाही लागले आणि गाठीलाही, इतकेच. पण गर्भ आणि गाठ यांचे नाते आज पेशीच्या पातळीवर खरे ठरले आहे.

सुटलेली पेशी शिरेत किंवा लसीकावाहिनीत शिरते. १८६९ साली ऑस्ट्रेलियातल्या थॉमस अॅशवर्थ यांनी कर्करोगाने मेलेल्या एका माणसाच्या रक्तात अगदी गाठीतल्यासारख्याच पेशी पाहिल्या. रक्तात पोचली म्हणजे जिंकली असे मात्र नाही. आपली जागा सुटली की निरोगी पेशी स्वतःला संपवते. या मरणाला १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी ‘अनॉइकिस’ म्हटले. ग्रीक ओइकोस म्हणजे घर. अनॉइकिस म्हणजे बेघरपण. हाच ओइकोस इकॉनॉमी आणि इकॉलॉजीत आहे, आणि संस्कृतात त्याचा सख्खा भाऊ ‘विश्’ आहे: प्रवेश, निवेश यांतला. नावातला ‘अन्’ तर आपल्या अनादर-अनावर यातलाच. बेघर झाले की मरायचे हा शरीराचा नियम. कर्करोगाच्या पेशीला वागण्यातला दुसरा मोठा बदल इथे करावा लागतो: बेघर होऊन जगणे. आयझाया फिडलर यांनी १९७० साली उंदरांच्या शिरेत किरणोत्सारी खूण केलेल्या कर्करोगपेशी सोडल्या; हजारात एखादीही नवी गाठ धरू शकली नाही. काही पेशी जथ्याने प्रवास करतात, एकमेकींचा हात पुरता न सोडता. २०१४ मधल्या एका अभ्यासात उंदरांमध्ये असे जथे एकट्या पेशींपेक्षा २३ ते ५० पट अधिक यशस्वी ठरले. त्यामुळेच पेशी पूर्ण बदलते की अर्धी, यावर शास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. २०१५ मध्ये दोन गटांनी उंदरांत दाखवले की पूर्ण संक्रमण न करताही दूरच्या अवयवांत गाठी होतात; मात्र संक्रमण केलेल्या पेशी औषधांना जास्त दाद देत नाहीत. आजचे मत अर्ध्या संक्रमणाकडे झुकले आहे: थोडी पकड ठेवायची, थोडी सोडायची.

लसीकेचा रस्ता आपल्या गावांना फार पूर्वीपासून माहीत आहे. पायाला काटा रुतून पू झाला की जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. जखम एकीकडे, गाठ दुसरीकडे, आणि दोन्हींचा संबंध आहे, हे ज्ञान त्या शब्दात आहे. डॉक्टर स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली लसीकाग्रंथी तपासतात, ती याच तत्त्वावर. फरक इतका की अवधाण दुखते आणि जखम बरी झाली की जाते. काखेतली न दुखणारी, न जाणारी गाठ अवधाण समजून सोडू नये.

मग शेवटचे आणि सर्वांत अवघड काम: रुजणे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. केवळ रक्ताचा ओघ हे कारण असते, तर यकृत आणि प्लीहा यांत गाठी सारख्याच प्रमाणात दिसायला हव्या होत्या. यकृतात त्या पुष्कळ होत्या, प्लीहेत क्वचित. त्यांनी बीज आणि जमीन अशी उपमा दिली: बी सगळीकडे उडते, उगवते ते मानवेल त्या जमिनीत. जवळजवळ शतकानंतर हार्ट आणि फिडलर यांनी उंदराच्या मांडीत फुफ्फुसाचे, अंडाशयाचे आणि मूत्रपिंडाचे तुकडे बसवून पाहिले. काळ्या डागाच्या त्वचाकर्करोगाच्या पेशी फुफ्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत रुजल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाही. जमीन खरोखरच महत्त्वाची होती. २००५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने आणखी पुढचे सांगितले: मूळ गाठ रक्तातून संदेश पाठवून दूरची जागा बी पोचण्याआधीच तयार करून घेते. इंग्रजीत यासाठी तीन शब्दांची मोळी आहे. शेतकऱ्याकडे एक शब्द आहे: वापसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओलीचिंब नाही, कोरडीही नाही, पेरणीजोगी झाली की तो म्हणतो वापसा आला. गाठ दूरच्या अवयवात वापसा आणते. वैद्यकीय मराठीने हा शब्द उचलावा असे मला मनापासून वाटते.

रुजताना पेशी बहुधा उलट संक्रमण करते. पुन्हा शेजारणीला धरते, पुन्हा अस्तरासारखी वागते, आणि मग गाठ बांधते. काही पेशी रुजतही नाहीत, मरतही नाहीत. हाडाच्या मगजात सुप्त राहतात आणि स्तनाच्या काही प्रकारांत पंधरा-वीस वर्षांनी जागतात. मेटास्टॅसिस या ग्रीक शब्दात मेटा म्हणजे पलीकडे आणि स्टॅसिस म्हणजे उभे राहणे. ‘स्था’ हाच आपला धातू त्यात आहे. वक्तृत्वशास्त्रात एका मुद्द्यावरून चटकन दुसऱ्यावर जाण्याला तो शब्द होता. फ्रेंच वैद्य रेकामिए याने १८२९ साली कर्करोगासाठी तो वापरला. मराठीत त्याला स्थानांतर म्हणणे मला ‘पसरणे’पेक्षा कितीतरी खरे वाटते, कारण त्यात सुटणे, जाणे आणि नव्या जागी उभे राहणे, तिन्ही येतात.

आणि शब्द बरोबर असला की उपायही नीट दिसतात. पेशी हिंडती होण्यासाठी काही करत असेल, तर ते करण्यापासून तिला रोखता येईल. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत हेच तपासले गेले. स्तनाच्या कर्करोगाच्या १,५८३ स्त्रियांपैकी निम्म्यांना गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचले, दात काढताना जागा बधिर करायला वापरतात तेच. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी आजार न परतलेल्या स्त्रिया ८६.६ टक्के, इंजेक्शन न दिलेल्यांत ८२.६ टक्के, जिवंत असलेल्या ९०.१ टक्के विरुद्ध ८६.४ टक्के. औषध स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या रुग्णालयात मिळणारे. हे औषध पेशीच्या पृष्ठभागावरचे सोडियमचे मार्ग बंद करते, आणि पेशीच्या हालचालीत त्या मार्गांचा वाटा असतो. परिणामामागे हेच असावे असे मानतात. बधिर या शब्दाचा मूळ अर्थ ऐकू न येणारा. त्यातूनच बहिरा आला. सुरी लागताना मिळणारे संदेश पेशींना ऐकू येऊ नयेत, म्हणून काही मिनिटे त्यांना बधिर करायचे. आपल्या देशात, आपल्या रुग्णांवर सिद्ध झालेली ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे.

‘पसरणे’ या शब्दाचे खरे नुकसान मात्र घरात होते. साथ पसरते आणि कॅन्सर पसरतो, दोन्हींना एकच क्रियापद. म्हणून ‘पसरलाय’ ऐकल्यावर कित्येक घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे होते, नातवंडांना मांडीवर बसू देत नाहीत, सुनेला ‘जपून’ म्हणून बजावले जाते. कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू जातो, पण तो शेजारी जेवल्याने जात नाही, आणि त्यावर लस आहे. तसेच सुई लावल्याने किंवा तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो ही समजूतही याच आपोआप पसरण्याच्या चित्रातून आली. काही मोजक्या अवयवांच्या बाबतीत डॉक्टर सुई टाळतात किंवा तिचा मार्ग वेगळा ठेवतात; बाकी सर्वत्र तुकड्याशिवाय उपचार ठरतच नाहीत, आणि तपासणी टाळण्यात जो वेळ जातो तो पेशींना मिळतो.

तेव्हा आपल्या माणसाबद्दल डॉक्टर ‘पसरलाय’ म्हणाले, तर तिथेच थांबू नका. विचारा: कुठून सुटला, कुठे गेला, आणि तिथे त्या कुठल्या अवयवाच्या पेशी आहेत? कारण स्तनातून फुफ्फुसात गेलेल्या पेशी स्तनाच्याच राहतात, त्यांच्यावर उपचारही स्तनाच्या कर्करोगाचेच चालतात. फुफ्फुसाचा वेगळा कॅन्सर झाला असे समजून खचू नका. आणि घरी जाऊन त्या माणसाबरोबर एका पंगतीत जेवायला बसा.